पार्टनर गेला, आता पेअर सोडायचं का?

एका आईचा प्रश्न आहे. मुलगी चौदा वर्षांची, पाच वर्षं आर्टिस्टिक रोलर स्केटिंगमध्ये पेअर, म्हणजे मुलगा-मुलगी जोडीने, करते, राज्य स्पर्धेत दोनदा पदक. यंदा दहावी म्हणून पार्टनर मुलाच्या घरच्यांनी त्याला थांबवलं. आई विचारतात, पाच वर्षं वाया गेली का? पेअरवाल्यांची कारकीर्द असते तरी किती वर्षांची? मुलीला आता सिंगलला वळवावं का?

ताई, आधी सरळ उत्तर देते. वाया काही गेलेलं नाही. पुढचे सहा महिने तिला सिंगलचाच सराव करू द्या, पण पेअर सोडल्याचं जाहीर करू नका. आणि नवीन पार्टनर मिळाला तर पहिलं वर्ष पदकाचं नाव काढू नका. असं का म्हणते ते जरा लांबून सांगावं लागेल. मी स्वतः नऊ वर्षं पेअर केलं आणि गेली एकोणीस वर्षं शिकवते आहे, त्यात हा प्रश्न दर दोन वर्षांनी कुणी ना कुणी घेऊन येतंच. दहावी, बारावी, बदली, उंची वाढणं, पोरापोरींची भांडणं. कारणं बदलतात, रिंकच्या कडेला बसलेल्या आईचा चेहरा तोच असतो.

आपल्याकडे चाकांवरच्या पेअरमध्ये पोचता येतं, हे दिसलेलं आहे. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत अनुप कुमार यामा आणि अवनी पांचाळ यांनी पेअरमध्ये कांस्य आणलं. पण एका पेअर स्केटरचं अख्खं आयुष्य उलगडून बघायचं असेल तर बर्फावरच्या फिगर स्केटिंगकडे जावं लागतं, कारण तिथल्या प्रत्येक स्पर्धेचा गुणतक्ता जाहीर असतो. मी मुलांना नेहमी अल्योना सावचेंकोचं उदाहरण देते. फक्त तिची पदकं मोजली तर गोष्ट हातून सुटते. तिचे पार्टनर मोजायला हवेत.

जन्म १९८४ चा, युक्रेनमधल्या कीव्हजवळच्या ओबुखिव गावचा. स्तानिस्लाव मोरोझोवबरोबर ती २००० साली ज्युनिअर विश्वविजेती झाली. ती स्पर्धा जर्मनीतल्या ओबर्स्टडॉर्फला होती. हे गाव लक्षात ठेवा, परत येणार आहे. दोन वर्षांनी, २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये हीच जोडी पंधरावी आली आणि मग तुटली. अठरा वर्षांची मुलगी, ज्युनिअरचं सोनं कपाटात आणि शेजारी कुणी नाही. तुमच्या घरात आज जे चाललंय तेच, फक्त पट्टी मोठी.

२००३ मध्ये ती जर्मनीत केम्निट्सला गेली. जुन्या पूर्व जर्मनीतलं हे स्केटिंगचं मोठं केंद्र, दोनदा ऑलिंपिक जिंकलेली कॅटारिना विट इथेच घडली. तिथे इंगो श्टॉयर हे प्रशिक्षक होते, स्वतः १९९७ चे पेअर विश्वविजेते. आणि रॉबिन शोल्कोवी होता, तिच्यापेक्षा साडेचार वर्षांनी मोठा. देश बदलला, भाषा बदलली, पकड बदलली. २००५ च्या अखेरीस तिला जर्मन नागरिकत्व मिळालं आणि काही आठवड्यांनी टोरिनो ऑलिंपिकमध्ये ही जोडी सहावी आली. पहिलं विश्वविजेतेपद २००८ ला. म्हणजे एकत्र आल्यापासून पाचव्या वर्षी. दोघंही आधीच तयार स्केटर होते, रोज बर्फ मिळत होता, प्रशिक्षक विश्वविजेता होता, तरी पाच वर्षं. ‘नवीन पार्टनर मिळाला की पुढच्या राज्य स्पर्धेला उतरवू’ असं कुणी म्हणालं की मी हा हिशेब त्यांच्यापुढे ठेवते.

इतका वेळ कशात जातो, हे बाहेरून कळत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पेअरमध्ये काही गोष्टी एकेकट्याच्या असतात. शेजारी शेजारी मारलेल्या उड्या, शेजारी घेतलेल्या गिरक्या. त्या तुमच्या मुलीच्या स्वतःच्या आहेत, कुणी गेलं म्हणून जात नाहीत. फक्त नव्या जोडीदाराच्या वेगाशी जुळवाव्या लागतात. मुलगा तिला वर उचलतो त्या लिफ्टमधलं तिचं काम, म्हणजे पोट आवळून धरणं, पाठ ताठ ठेवणं, वर गेल्यावर न घाबरणं, हेही तिचंच. खरी अडचण थ्रो आणि ट्विस्टमध्ये येते.

थ्रो म्हणजे मुलाने मुलीला फेकणं, असं सगळ्यांना वाटतं. तसं नसतं. उडी मुलगीच मारते, मुलगा तिच्या उडीत भर घालतो. तिचे पाय जमीन सोडतात आणि त्याचे हात तिची कंबर सोडतात, यांत डोळ्याच्या पापणीएवढं अंतर असतं. ती आधी उडाली तर त्याचा जोर हवेत जातो. ती उशिरा उडाली तर तो तिला तिरकं ढकलतो आणि हवेत तिचा अक्ष कलतो. एकदा अक्ष कलला की गिरक्या पूर्ण होऊनही उतरणं जमत नाही. आणि उतरायचं एकटीने, मागे जात, एका पायाच्या बाहेरच्या कडेवर. ट्विस्टमध्ये याच्या उलट: ती वर हवेत फिरून खाली येते आणि तो तिला कंबरेत झेलतो. त्याने मधल्या वेळात हात खाली घेऊन दाखवले तर गुणांची पातळी वाढते, पण झेलायला वेळ तेवढाच कमी उरतो.

आता पार्टनर बदलला की नेमकं काय बदलतं? हाताची लांबी बदलते, म्हणजे सोडायची उंची बदलते. उंची बदलली की हवेतला वेळ बदलतो. हवेतला वेळ बदलला की गिरकी कधी उघडायची ते बदलतं. आणि हे सगळं डोक्यात नसतं, अंगात असतं. माझंच सांगते. सतरा वर्षांची असताना माझा पार्टनर इंजिनिअरिंगला नागपूरला गेला. आम्ही थ्रोला ‘एक, दोन, तीन’ मोजायचो आणि तीनला सोड. नवीन मुलगा ‘एक, दोन, आणि’ मोजायचा. त्याची सोड ‘आणि’च्या शेवटी. दोन्ही एकच वाटतात ना? मलाही वाटलं. शिवाय जुना पार्टनर सोडण्याआधी एक श्वास जोरात आत घ्यायचा आणि मी इतकी वर्षं मोजणीवर नव्हे, त्या श्वासावर उडत होते, हे मला माहीतच नव्हतं. नव्याचा श्वास ऐकू यायचा नाही. तिसऱ्या आठवड्यात मनगट मोडून घरी बसले. चूक त्याची नव्हती, माझीही नव्हती. घाई आमच्या दोघांची होती.

म्हणून सावचेंकोचा तिसरा अध्याय मला पहिल्या दोन्हींपेक्षा मोठा वाटतो. दुसऱ्याची पदकं भराभर सांगून टाकते: शोल्कोवीबरोबर २००८, २००९, २०११, २०१२ आणि २०१४ अशी पाच विश्वविजेतेपदं, चार युरोपियन, आणि ऑलिंपिकमध्ये व्हँकूव्हर व सोची, दोन्हीकडे कांस्य. २०१२ चं विजेतेपद फक्त ०.११ गुणाने आलं. हरलेल्या जोडीतली तात्याना वोलोसोझार कोण? आधी युक्रेनकडून मोरोझोवबरोबर खेळायची. होय, तोच मोरोझोव, सावचेंकोचा जुना पार्टनर. ही जोडीही काही काळ केम्निट्सला श्टॉयरांकडेच सराव करत होती. मग २०१० मध्ये वोलोसोझार रशियाला गेली, माक्सिम त्रान्कोवबरोबर उभी राहिली आणि सोचीत सोनं घेऊन गेली. मोरोझोव तोवर त्यांच्या प्रशिक्षकांत होता. हे जग आपल्या वाड्यासारखं आहे, सगळे सगळ्यांचे कुणी ना कुणी लागतात. तुमच्या मुलीचा पुढचा पार्टनर कदाचित आज दुसऱ्या कुणाचा तरी पार्टनर असेल, तेव्हा गेलेल्या मुलाच्या घरच्यांशी बोलणं बंद करू नका.



२०१४ मध्ये शोल्कोवी थांबला. सावचेंको तीस वर्षांची. बहुतेक जणी इथे पुष्पगुच्छ घेऊन आइस शोमध्ये जातात. तिने फ्रान्सचा ब्रुनो मासो गाठला, तिच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, अंगाने दांडगा आणि तोवर मोठ्या मंचावर फारसं नाव नसलेला. दोघं ओबर्स्टडॉर्फला आले, तेच गाव, अलेक्झांडर क्योनिग यांच्याकडे. आणि मग थांबावं लागलं. मासोला जर्मनीकडून खेळायला फ्रेंच संघटनेची परवानगी हवी होती, ती २०१५ च्या ऑक्टोबरपर्यंत आली नाही. त्यासाठी ३०,००० युरो भरावे लागल्याचं तेव्हा छापून आलं. म्हणजे दीड वर्ष रोज पहाटे उठून सराव करायचा आणि स्पर्धा एकही नाही. तीस ते एकतीस हे वय पेअरमध्ये थ्रोमधून उतरणाऱ्या मुलीच्या घोट्यांसाठी काय असतं, ते घोट्यांनाच विचारा.

या दीड वर्षात त्यांनी काय केलं असेल, याचा अंदाज पुढच्या व्हिडिओंवरून येतो. शोल्कोवीबरोबर तिचे थ्रो नेटके असायचे, सरकत उतरायची. मासोबरोबर ते उंच आणि लांब झाले. हवेत ती क्षणभर थांबल्यासारखी वाटते आणि मग गिरकी सुरू होते. अकरा हंगामांची सवय अंगातून काढून हवेतला नवा वेळ अंगात मुरवणं, हे त्यात दिसतं. फुकट झालं नाही. थ्रो ट्रिपल अ‍ॅक्सेल, म्हणजे साडेतीन गिरक्यांचा थ्रो, तिने सोडला नाही आणि २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये फ्रान्समधल्या स्पर्धेत त्यावरच पडून तिच्या घोट्याचे अस्थिबंध दुखावले. त्याआधी २०१६ ला जागतिक कांस्य आलं होतं, आणि दुखापतीनंतरही २०१७ ला रौप्य.

परवानगी मिळून प्रश्न मिटला असं नाही. जागतिक स्पर्धेत दोघांचे देश वेगळे असले तरी चालतं, ऑलिंपिकमध्ये दोघांकडेही त्याच देशाचं नागरिकत्व लागतं. मासोला जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागली, आधी अडखळला, आणि २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये कागद हातात आला. ऑलिंपिक फेब्रुवारीत! तुम्ही मला दहावीचं सांगता ना ताई, तिकडे अठ्ठावीस वर्षांचा गडी व्याकरणाच्या परीक्षेत अडकला होता.

आता प्योंगचांग ऑलिंपिक, १४ आणि १५ फेब्रुवारी २०१८. शॉर्ट प्रोग्रॅममध्ये, म्हणजे पहिल्या दिवशीच्या छोट्या फेरीत, दोघांना शेजारी शेजारी ट्रिपल साल्को ही उडी मारायची होती. तिने तीन गिरक्या घेतल्या, मासोच्या दोनच झाल्या. त्या वर्षीच्या तक्त्यात ट्रिपल साल्कोची मूळ किंमत ४.४ आणि डबलची १.३, म्हणजे तिथेच ३.१ गुण गेले. ७६.५९ गुणांवर चौथे. पुढे असलेली चिनी जोडी सुई वेनजिंग आणि हान त्सोंग ८२.३९ वर. फरक ५.८०. चौतीस वर्षांची बाई, पाचवं ऑलिंपिक, आणि चूक तिच्या पायाची नाहीच.

सिंगलवाल्यांना हे कधी भोगावं लागत नाही आणि पेअरवाल्यांचं हे रोजचं आहे. तुझं सगळं बरोबर आलं तरी गुण दोघांचे. इथे जी मुलगी पार्टनरकडे एक कटाक्ष टाकते ना, तिची जोडी पुढच्या वर्षी नसते. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, अनेकदा. माझ्याकडे एक जोडी होती, दोघंही गुणी. स्पर्धेत मुलाचा हात लिफ्टमध्ये थरथरला, लिफ्ट लवकर खाली आली. घरी जाताना मुलीच्या वडिलांनी गाडीत मुलालाच सुनावलं. सहा महिन्यांत दोघंही पेअर सोडून गेली. तंत्राची दुरुस्ती मी एका आठवड्यात केली असती. गाडीतल्या बोलण्याची करता आली नाही.

दुसऱ्या दिवशीचा सावचेंको आणि मासो यांचा फ्री प्रोग्रॅम, म्हणजे मोठी फेरी, शोधून बघा. तेव्हा तो साडेचार मिनिटांचा असायचा, पुढच्या हंगामापासून चार मिनिटांवर आला. मुलीला पहिल्यांदा आवाज बंद करून दाखवा. सुरुवातीपासून कुठेही पाय अडखळत नाही. मला त्यातले थ्रो सोडून दोन जागा जास्त आवडतात: लिफ्टमधून उतरल्यावर ती थांबत नाही, उतरण्याचंच पुढचं पाऊल होतं. आणि डेथ स्पायरलमध्ये तो एका पायाच्या टोकावर रोवून उभा, ती त्याच्या एका हाताला धरून बर्फाला जवळजवळ समांतर, डोकं खाली, तरी मान सैल. भीती आधी मानेत दिसते. तिच्या मानेत काही नव्हतं.

१५९.३१, तेव्हाचा विश्वविक्रम. दोन्ही दिवसांचे मिळून एकूण २३५.९०. नंतर चिनी जोडी उतरली, त्यांचे एकूण २३५.४७ झाले. फरक ०.४३. एकदा पडलं की एक पूर्ण गुण कापला जातो, म्हणजे हा फरक एका पडण्याच्या निम्म्याहूनही कमी. शॉर्टमधल्या पावलांच्या रचनेत तिसरी पातळी मिळते की चौथी, यात त्या वर्षी ०.६ चा फरक होता. जर्मनीला पेअरमध्ये याआधीचं ऑलिंपिक सोनं १९५२ चं, ओस्लोचं. महिनाभराने मिलानला त्यांनी विश्वविजेतेपदही घेतलं, तिचं सहावं. आणि मग जोडी म्हणून पुन्हा स्पर्धेत उतरले नाहीत.

तर, कारकीर्द किती वर्षांची? तिची सीनिअर ऑलिंपिकची वर्षं २००२ ते २०१८. त्यात तीन पार्टनर आणि मधली वाट बघण्याची वर्षं. कुणाची याहून विचित्र असते: डिॲना स्टेलॅटो-ड्यूडेक ही अमेरिकन मुलगी सिंगल करायची, दुखापतींमुळे किशोरवयातच सोडलं, सोळा वर्षांनी परतली ती पेअरमध्ये, आणि कॅनडाकडून माक्सिम देशां याच्याबरोबर २०२४ मध्ये चाळिसाव्या वर्षी विश्वविजेती झाली. हे अपवाद आहेत, मान्य. अपवाद यासाठी सांगितला की चौदाव्या वर्षी ‘आता उशीर झाला’ हे वाक्य घरात कुणी बोलू नये. बर्फावर तर आता सतरा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय सीनिअरमध्ये घेतच नाहीत.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी तुम्हाला भुलवल्यासारखं होईल. पेअरमध्ये धोका जास्त आहे. तात्याना तोत्म्यानिना २००४ मध्ये पिट्सबर्गला लिफ्टमधून डोक्यावर पडली, मेंदूला मार बसला. सव्वा वर्षाने ती ऑलिंपिक विजेती झाली म्हणून तो किस्सा लोक प्रेरणेचा म्हणून सांगतात. मी मुलांना सांगते तो एवढ्यासाठी की लिफ्टचा सराव आधी जमिनीवर, बुटांत, गादीवर करायचा आणि कंटाळा आला तरी करायचा. बर्फावर, चाकांवर, नियम एकच. चाकांवर तर पडताना घसरून जाता येत नाही, फरशी लगेच जागा दाखवते.

आता सिंगलचा प्रश्न. सहा महिने सिंगल का, तर तिच्या उड्या तिच्या एकटीच्या पायावर पक्क्या व्हाव्यात म्हणून. पाच वर्षं एकाच मुलाबरोबर स्केटिंग केलेल्या मुलींना नकळत त्याच्या वेगावर टेकायची सवय लागते. एकटीला सोडलं की ती दिसते. ती निघाली की नव्या जोडीत तिची किंमत वाढते. सहा महिन्यांनी तिला सिंगलच आवडू लागलं, तर उत्तम, तो तिचा निर्णय. पण ‘पार्टनर मिळत नाही म्हणून सिंगल’ हे मात्र करू नका. तशी मुलगी दोन वर्षांत चाकं माळ्यावर टाकते.

पार्टनर शोधणं म्हणजे स्थळ बघण्यासारखंच आहे, हसू नका. पत्रिकेत पहिलं बघायचं ते गिरकीची दिशा. बहुतेक मुलं घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतात, पण तुमची मुलगी किंवा तो मुलगा दुसऱ्या बाजूने फिरणारा असेल तर शेजारच्या उड्यांपासून थ्रोपर्यंत सगळं अवघड होतं. मग उंची, आणि आजची नाही: आई-वडिलांची उंची बघा, कारण पुढच्या दोन वर्षांत दोघंही वाढणार आहेत. त्याचं शाळेचं वर्ष. तुमची मुलगी नववीत असेल आणि तो अकरावीत, तर त्याच्या बारावीत पुन्हा हाच प्रश्न घेऊन तुम्ही इथे याल. घरं किती लांब आहेत. आणि खर्च कोण किती करणार, हे पहिल्याच भेटीत, चहा संपायच्या आत बोला. लाजेने न बोललेल्या पैशांवरून मोडलेल्या जोड्या माझ्याकडे दुखापतीने मोडलेल्यांपेक्षा जास्त आहेत.

शेवटी ट्रायल. एका दिवसाची ट्रायल म्हणजे काहीच नाही, चार आठवडे द्या. पहिल्या आठवड्यात नुसतं हात धरून फिरणं, पावलं, एका लयीत वाकणं. दुसऱ्यात शेजारच्या सोप्या उड्या. लिफ्ट जमिनीवर. थ्रो पूर्ण महिनाभर नाही, कुणी कितीही सांगितलं तरी, मुलगी स्वतः म्हणाली तरी. रोज सरावानंतर दोघांना वेगवेगळं विचारा, आज काय जमलं. उत्तरात ‘मी’ आणि ‘तो’ किती वेळा येतं ते मोजत बसू नका, फक्त दोघंही एकाच गोष्टीबद्दल बोलतायत का ते बघा. मोजणी मात्र पहिल्याच दिवशी ठरवून घ्या, तीनला सोड की ‘आणि’ला. आणि ट्रायलला तिला जुने, पायात बसलेले स्केट्स घालूनच पाठवा.